जुन्या लॅपटॉपवरचा डेबियन सर्व्हर: दहा महिने वापरल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण तेव्हा सगळंच सुरळीत चालत होतं. आता दहा महिने झालेत. मशीन रात्रंदिवस चालू आहे, मध्ये एकदा त्यावरची वेबसाइट पूर्ण बसली, एकदा मी स्वतःच बाहेर कोंडली गेले, आणि डेबियनची (म्हणजे या मशीनवरच्या लिनक्सची) आवृत्तीही एकदा बदलून झाली. म्हणून आता लिहिते.

मशीन म्हणजे आठ वर्षं जुना लॅपटॉप. ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, आणि बॅकअपसाठी यूएसबीवर एक वेगळी हार्ड डिस्क. त्यावर डेबियन १२ टाकलं, डेस्कटॉपशिवाय. काही चालू नसताना अर्धा जीबीही रॅम लागत नाही. त्यावर आम्हा सहा जणांचे प्रोजेक्ट, त्यांची गिट भांडारं (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारी), एक छोटी वेबसाइट आणि तिच्यामागचा डेटाबेस एवढं चालतं.

इन्स्टॉल करताना एका प्रश्नाजवळ थांबा. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारतो. तो दिलात तर रूटचं खातं उघडं राहतं, पण तुमच्या खात्याला सुडो, म्हणजे गरजेपुरता रूटचा अधिकार वापरायची कमांड, मिळत नाही. तो रकाना रिकामा सोडलात तर रूटचं खातं बंद राहतं आणि तुमच्या खात्याला सुडो मिळतं. स्क्रीनवर हे लिहिलेलं असतं, पण घाईत कोण वाचतं? पहिल्याच संध्याकाळी ‘सुडो: कमांड सापडली नाही’ असं दिसून गोंधळणारे मी तीन जण तरी पाहिलेत. रिकामं सोडा. दुसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी: झाकण मिटलं की मशीन झोपतं आणि सर्व्हर गायब होतो. लॉगिनडी (लॉगिन आणि झाकण-बटणं सांभाळणारी सेवा) हिच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘हँडल-लिड-स्विच’ची किंमत ‘इग्नोर’ करायची. एका ओळीचं काम आहे.

कोंडली गेले ते फायरवॉलमुळे. यूएफडब्ल्यू (फायरवॉलचा प्रोग्राम) टाकलं, चालू केलं, आणि एसएसएचला (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) परवानगी द्यायची ओळ नंतर लिहू म्हटलं. टर्मिनल बंद करून परत जोडायला गेले तर जोडणीच होईना. एसएसएचचं पोर्ट २२ बाहेरून बंद झालं होतं. मशीन खोलीतच होतं, झाकण उघडलं, समोर बसून एक ओळ टाइप केली आणि सुटले. हाच प्रकार भाड्याच्या क्लाउड मशीनवर झाला असता तर कन्सोल शोधण्यात रात्र गेली असती. नवशिक्यांनी सुरुवात जुन्या लॅपटॉपवर करावी असं मी म्हणते ते यासाठी. तेव्हापासून माझा नियम: एसएसएच किंवा फायरवॉलला हात लावायचा असेल तर आधीची जोडणी उघडी ठेवायची, बदल करायचा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं, आणि मगच पहिली बंद करायची. एसएसएचची कॉन्फिग तपासायला ‘एसएसएचडी’ला (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) ‘-टी’ लावून चालवता येतं. चूक असेल तर रिस्टार्ट करण्याआधीच कळते.

एसएसएच १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी वाहते पासवर्ड टिपून घेतले होते, त्या घटनेनंतर. आजही सल्ला तोच आहे की पासवर्डने लॉगिन बंद करा आणि त्याऐवजी ‘की’ (किल्लीसारखी वापरायची गुप्त फाइल) वापरा. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात त्यावरून एक चांगला धडा मिळाला.

झालं असं: दोघांना एकाच प्रोजेक्टवर काम करायचं होतं आणि फाइली एकाच्या होम फोल्डरमध्ये (प्रत्येक खात्याचं स्वतःचं फोल्डर) होत्या. त्याने आपलं होम फोल्डर ग्रुपला लिहिण्यासाठी मोकळं केलं. काम झालं, दोघं खूश. दुसऱ्या दिवशी त्या मित्राला स्वतःलाच लॉगिन करता येईना. की तीच, लॅपटॉप तोच, काल चाललेलं आज ‘परमिशन डिनाइड’. तो नवीन की बनवायला बसला होता, त्याला थांबवलं. सर्व्हरवर ‘जर्नलसीटीएल’ला (लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी, दाखवणारी कमांड) एसएसएचच्या सेवेचं नाव देऊन लॉग काढला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं: फोल्डरची मालकी किंवा परवानग्या ठीक नाहीत, म्हणून नकार. एसएसएचचं म्हणणं बरोबरच आहे. तुमच्या होम फोल्डरमध्ये दुसरा कुणी लिहू शकत असेल, तर तो तुमची की असलेली फाइलही बदलू शकतो. मग त्या कीवर विश्वास कसा ठेवायचा?

परवानग्यांचं गणित मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज करायची; तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे. हे तर परीक्षेपुरतं पाठ होतं. पण फोल्डरवर ‘लिहिणे’ याचा अर्थ त्यातल्या फाइली काढून टाकणे आणि त्यांच्या जागी नव्या ठेवणे, हा अर्थ पाठांतरात नव्हता. होम फोल्डर परत ७००वर आणलं. सामायिक कामासाठी ‘एसआरव्ही’ या सिस्टिमच्या फोल्डरखाली वेगळं फोल्डर केलं, सहा जणांचा एक ग्रुप केला आणि फोल्डरला २७७५ दिलं. पुढचा तो २ म्हणजे सेटजीआयडी: आत कुणीही फाइल बनवली तरी तिला ग्रुप त्या फोल्डरचाच लागतो. तरीही पहिल्या दिवशी एकाची फाइल दुसऱ्याला बदलता येईना, कारण आमचा युमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्यांतून काय काढायचं ते सांगणारा आकडा) ०२२ होता आणि तो ग्रुपची लिहिण्याची परवानगी काढून टाकतो. ००२ केल्यावर सुटलं. अशा वेळी सगळीकडे ७७७ देऊन मोकळं व्हायचा सल्ला हमखास मिळतो. कृपया देऊ नका. त्याने अडचण दिसेनाशी होते, पण मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम तुमच्या फाइलींमध्ये लिहू शकतो.

आता मोठी गोष्ट. बॅकअप रोज रात्री अडीच वाजता व्हायचा: क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सेवा) एक ओळ, आरसिंकची (फाइलींची प्रत करणारा प्रोग्राम) एक कमांड, यूएसबी डिस्क हाताने जोडलेली. पाचव्या महिन्यात मशीन एकदा रिबूट झालं. डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नव्हती, त्यामुळे रिबूटनंतर ती आपोआप जोडली गेली नाही. माझ्या लक्षात यायला अकरा दिवस गेले. लक्षात आल्यावर मी ती परत जोडली, बॅकअप पुन्हा चालू झालेला पाहिला, आणि विषय संपला असं समजले.

साधारण महिन्याभराने वेबसाइट बसली. डेटाबेस सुरू होईना, लॉगमध्ये एकच तक्रार: डिस्कवर जागा नाही. ‘डीएफ’ (डिस्कवर किती जागा भरलीये ते सांगणारी कमांड) म्हणत होतं की मुख्य डिस्क १०० टक्के भरलीये. ‘डीयू’ने सगळी फोल्डरं मोजली तर बेरीज ६१ जीबी. जवळजवळ ४५ जीबी कुठे गेले याचा पत्ताच नाही. पहिला संशय असा की एखादी मोठी फाइल काढून टाकलीये, पण कुठल्यातरी प्रोग्रामने ती अजून उघडी धरून ठेवलीये. लिनक्समध्ये अशा फाइलीची जागा तो प्रोग्राम ती सोडेपर्यंत किंवा बंद होईपर्यंत सुटत नाही. ‘एलएसओएफ’ने (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) पाहिलं, तसं काही नव्हतं. आयनोड (डिस्कवर फाइलींच्या नोंदींसाठी असलेल्या जागा) संपलेत का तेही पाहिलं, ते भरपूर शिल्लक होते. दीड तास असा गेला.

मग त्या अकरा दिवसांची आठवण झाली. डिस्क जोडलेली नसताना आरसिंक कुठे लिहीत होता? जोडणीची जागा म्हणजे मुख्य डिस्कवरचं एक साधं रिकामं फोल्डर. डिस्क नसली तरी फोल्डर असतंच, आणि आरसिंक निमूटपणे त्यात लिहितो. पहिल्या रात्री सगळा बॅकअप मुख्य डिस्कवरच उतरला. नंतर मी त्याच फोल्डरवर खरी डिस्क जोडली आणि तो ढीग तिच्याखाली झाकला गेला. ‘डीयू’ला वरची डिस्क दिसते, खालचं दिसत नाही. मी डिस्क सोडवली, त्या फोल्डरमध्ये गेले, ‘डीयू’ पुन्हा चालवलं: ४४ जीबी. तो आकडा पाहून जे हायसं वाटलं ते मला अजून आठवतं.

डिस्क शंभर टक्के भरलेली असूनही रूट म्हणून मला फाइली लिहिता येत होत्या, कारण ईएक्सटी४ (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नेहमीप्रमाणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. ही राखीव जागा ‘वाया जाते’ म्हणून शून्य करायला सांगणारे भेटतील. मुख्य डिस्कवर तसं करू नका.

यानंतर तीन बदल केले. डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये तिच्या यूयूआयडीने (डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक) केली, कारण एसडीए-एसडीबी ही डिस्कची नावं अदलाबदल होऊ शकतात. सोबत ‘नोफेल’ लावलं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू व्हायचं अडत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासणी घातली: डिस्क जोडलेली नसेल तर काहीही न लिहिता थांब आणि मला मेल कर. आणि रिकाम्या फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढण्याचा उपयोग नाही हेही तेव्हाच कळलं, कारण रूट ती जुमानत नाही. डिस्क सोडवलेली असताना ‘सीएचअ‍ॅटर’ने त्यावर ‘आय’ (बदलायला बंदी) ही खूण लावली, तिच्यापुढे रूटचंही चालत नाही.

लॉगच्या बाबतीत डेबियन १२ने जुन्या लेखांवर शिकलेल्यांना चकवलं. पूर्वी लॉगिनच्या नोंदी ‘ऑथ-लॉग’ नावाच्या साध्या फाइलीत असायच्या. १२मध्ये आर-सिसलॉग (त्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) मुळात येतच नाही, नोंदी सिस्टिमडीच्या (मशीनवरच्या सेवा चालवणारा भाग) जर्नलमध्ये जातात. त्यामुळे फेल२बॅन (लॉगिनचे चुकीचे प्रयत्न करत राहणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) टाकलं तर ते ती फाइल शोधत बसतं आणि सुरूच होत नाही. त्याला ‘बॅकएंड सिस्टिमडी’ सांगावं लागतं. बाकी जर्नल मला आवडलं. ‘जर्नलसीटीएल’ला तासाभरापूर्वीपासूनचं दाखव म्हटलं की दाखवतं.

देवनागरी फाइलनावं उत्तम चालतात. पण फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लांबलचक शीर्षकाची फाइल चढवताना एकीला हे नडलं.

डेबियनविरुद्धची नेहमीची तक्रार खरी आहे: पॅकेजं जुनी असतात. स्थिर आवृत्तीत एकदा जे घेतलं ते गोठवतात आणि नंतर मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्याच येतात. पायथनची नवी आवृत्ती हवी असलेल्या मित्राची चिडचिड मी समजू शकते, त्याला कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली जागा) काम करावं लागलं. पण मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं प्रकरण वाचलं की या संथपणाची किंमत कळते. त्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मागचं दार घातलं होतं, एसएसएचपर्यंत पोचणारं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, ते खोदत गेले आणि ते उघडकीला आलं. डेबियनच्या चाचणीच्या शाखांमध्ये ते पॅकेज पोचलं होतं. स्थिर आवृत्तीत पोचलं नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि काही आठवड्यांनी आम्ही त्यावर गेलो. आधी बॅकअप, मग प्रकाशन-टिपणं पूर्ण वाचली, मग सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी) ‘बुकवर्म’च्या (१२चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (१३चं नाव), आणि अपग्रेड दोन टप्प्यांत. दीड तासात झालं. टिपणं वाचल्याचा फायदा लगेच झाला: १३मध्ये टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर रॅममध्ये असतं. आमची एक स्क्रिप्ट तिथे मोठ्या फाइली टाकायची, ती आधीच ‘व्हार’खालच्या टेम्पकडे वळवली.

कुणी घ्यावं? ज्याला सर्व्हर चालवायला शिकायचंय आणि निदान सहा महिने तोच एक सर्व्हर सांभाळायची तयारी आहे, त्याने नक्की. मोडलं की पुसून पुन्हा टाकायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन पुरे, पण झाकल्या गेलेल्या ४४ जीबीसारखी गोष्ट तिथे कधीच भेटणार नाही. ती यायला महिने लागतात.

लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर तासभर टिकते, ती मात्र दर महिन्याला काढून बघते. सतत चार्जिंगवर असलेली जुनी बॅटरी फुगू शकते, आणि फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढायची असं ठरलंय.

पुढच्या महिन्यापासून दोन ज्युनिअर हा सर्व्हर बघणार आहेत. त्यांना सुडो देण्याआधी एकच काम दिलंय: बॅकअपमधून वेबसाइट आणि डेटाबेस दुसऱ्या एका रिकाम्या मशीनवर उभं करून दाखवायचं. काल रात्री पाने दिसायला लागली होती, पण डेटाबेसची जोडणी अजून होत नव्हती. त्यांनी मला विचारलं नाही. लॉग वाचत बसलेत.