गिगाबिट फायबर, आठ महिन्यांनी: एक तपकिरी तार आणि मी भरलेले पैसे

चार महिने मी १ जीबीपीएसचे, म्हणजे गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट, १००० एमबीपीएस) पैसे भरले आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला मिळाले ९४ एमबीपीएस. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठी. फायबर म्हणजे इंटरनेट आणणारी काचेची तार, आणि ओएनटी म्हणजे त्या तारेतल्या प्रकाशाचा सिग्नल घरातल्या केबलला चालेल असा करणारी डबी, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

आधीचं कनेक्शन तांब्याच्या तारेवरचं होतं. डाउनलोड १००, अपलोड २०. नव्या प्लॅनला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात आणि दोन्हीकडे १००० मिळतात. जोडणीच्या दिवशी टेक्निशियनने स्वतःचा लॅपटॉप थेट ओएनटीला लावला, ९३६ दाखवले, सही घेतली आणि गेला. मी खूश. संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट केली, ९४. परत केली, ९४. पहाटे पाचला उठून केली तरी ९४.

मी तक्रार नोंदवली. राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, केला. दुसरी तक्रार कोणी न येताच बंद झाली, वर ‘आपली समस्या सोडवली आहे’ असा मेसेज आला. तिसऱ्या तक्रारीनंतर माणूस आला, त्यानेही लॅपटॉप थेट लावला आणि ९३०च्या वर दाखवले. ‘आमच्याकडून लाइन ओके आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ मी वाद घातला, आवाज चढवला. त्याचं म्हणणं खरं होतं, हे आता मान्य करतो. पण राग पूर्ण गेलेला नाही. ९४ हा आकडा मी तिन्ही वेळा सांगितला होता, आणि तो ऐकल्याबरोबर एकाला तरी दुखणं ओळखता यायला हवं होतं.

कारण हा आकडाच सगळं सांगतो. लाइनवर गर्दी असेल किंवा वायफाय कमजोर असेल तर स्पीड हलता असतो, आत्ता ३१०, मग १८०, मग ४००. आकडा दिवसरात्र ९४-९५ला खिळून राहिला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. डेटा लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेट्समध्ये जातो; शंभरातले पाच-सहा प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनात जातात, उरतात ते ९४. गिगाबिटवर ९४०च्या आसपास दिसतात ते याच हिशेबाने.

नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात. तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवण्याचं मानक १९९९ साली आलं, त्याला चारही जोड्या लागतात. नारिंगी आणि हिरवी जोडी शाबूत असेल आणि निळ्या किंवा तपकिरीतली एखादी तार सुटली असेल, तर बरीच नेटवर्क कार्डं आपणहून १००वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, पोर्टचा दिवा लागलेला राहतो, सूचना काही येत नाही. फक्त कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीडची, म्हणजे केबलवरची जोडणी किती वेगाची आहे त्याची, ओळ असते. ती मी चौथ्या महिन्यात पहिल्यांदा वाचली. तिथे १०० लिहिलेलं होतं.

केबल बदलली, ९३८ आले. जुन्या केबलचा प्लग भिंगाखाली धरला तर तपकिरी तार प्लगच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती, तीनेक मिलिमीटर मागे राहिली होती. प्लग क्रिम्प करणाऱ्याने, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवणाऱ्याने, आठही तारा पुढे सरकल्या का ते पाहिलं नाही, आणि तेवढ्यासाठी माझे चार महिन्यांचे जास्तीचे पैसे गेले. तुमचं कनेक्शन नवं असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी लिंक स्पीड बघून या. भिंतीतून गेलेल्या जुन्या केबली, वर्षानुवर्षं वापरातला नेटवर्क स्विच (एका केबलच्या अनेक करणारी डबी), स्वस्त राउटर, सगळीकडे बघा. पुष्कळ टीव्हींचा केबल पोर्टही १००चाच असतो. त्याने मात्र काही बिघडत नाही, कारण फोर-के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात.

तर ९३८ मिळायला लागले. मग बदललं काय?

पहिल्या आठवड्यात मोठ्या फाइली उतरवून पाहिल्या. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतो, गिगाबिटवर पाव तासाच्या आत उतरायला हवा. प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं लागली, कारण समोरचा सर्व्हर तेवढ्या वेगाने देत नव्हता. तरी फरक मोठाच. पण असे गेम महिन्यातून किती वेळा उतरवतो आपण? वेबसाइट पूर्वीइतक्याच वेळात उघडत होत्या. याचंही कारण आहे. एक पान उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात बऱ्याच लहान लहान फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीचा वेळ ठरतो अंतरावर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला १० मिलिसेकंद लागणारच, प्लॅन २००चा असो की १०००चा. २०१०मध्ये गूगलमध्ये काम करणाऱ्या माइक बेल्शे यांनी मोजून दाखवलं होतं की एका मर्यादेनंतर बँडविड्थ, म्हणजे लाइनचे एमबीपीएस, वाढवून पानं फारशी लवकर उघडत नाहीत, फेरीचा वेळ कमी केला तर उघडतात. तेव्हा त्यांची ती मर्यादा ५ एमबीपीएसच्या आसपास होती. आजची पानं जड झाली आहेत, तरी १००० एमबीपीएसची गरज पडावी इतकी नक्कीच नाहीत.

वायफायबद्दल थोडक्यात. राउटरच्या खोलीत फोनवर ५२०, दोन भिंतींपलीकडे ११०. घरातली बहुतेक उपकरणं त्या भिंतींपलीकडेच असतात.

पाचव्या महिन्यात मी ठरवून टाकलं होतं, परत १००च्या प्लॅनवर जायचं. तसं केलं असतं तर चूक झाली असती. डाउनलोड मोजण्याच्या नादात मी अपलोडकडे बघितलंच नव्हतं.

बायको घरून काम करते, दिवसभर व्हिडिओ कॉल असतात. जुन्या कनेक्शनवर मी फोटोंचा बॅकअप लावला की तिचा आवाज तुटायचा. मग बॅकअप बंद करायचा, तो राहून जायचा. १२ वर्षांचे फोटो, २०० जीबी, एकाच हार्ड डिस्कवर पडून होते, आणि डिस्क कधी ना कधी जाते हे मला माहीत होतं. २० एमबीपीएसच्या अपलोडवर २०० जीबी चढवायला बावीस तास लागतात, तेही घरातल्या बाकी सगळ्यांनी इंटरनेट सोडून दिलं तर. नव्या लाइनवर तेच काम एका संध्याकाळी दीड तासात झालं, आणि तेवढा वेळ पलीकडच्या खोलीत तिची मीटिंग चालू होती. तिला काही कळलंही नाही. आठ महिन्यांत मला या कनेक्शनचा खरा आनंद झाला तो त्या संध्याकाळी.

आधी वाटलं, ही गिगाबिटची करामत. मग शंका आली. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस लागतात, मग २०मध्ये तो का तुटायचा? कारण बॅकअप अपलोडची वाट पूर्ण भरून टाकतो आणि जास्तीची पॅकेट्स मोडेममध्ये रांग लावतात. कॉलचं इवलंसं पॅकेट त्या रांगेत मागे अडकतं आणि उशिरा पोचतं. याला बफरब्लोट म्हणतात. रस्ता रुंद केला की रांग सहसा होत नाही, हे खरं. पण रांगेला शिस्त लावली तरी काम होतं. माझ्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय आहे, ती प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने पुढे सोडते.

मग सहाव्या महिन्यात मी राउटरवरूनच लाइन दोन्हीकडे २००वर बांधली, एसक्यूएम चालू केलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही. तीन आठवडे तसंच ठेवलं. बॅकअप चालू असताना पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीचा वेळ, पाहिला, ९ मिलिसेकंदांचा जेमतेम १३ होत होता. बायकोची एकही तक्रार आली नाही. मुलगी एकदा म्हणाली, ‘बाबा, अपडेटला आज फार वेळ लागतोय.’ तीन आठवड्यांत, तीन माणसांच्या घरात, एवढीच नोंद.

सातव्या महिन्यात लाइन दोन दिवस बंद पडली. कपाट सरकवताना मागची फायबर भिंतीशी दाबली गेली आणि ओएनटीवर लाल दिवा लागला. काच फार वाकली की प्रकाश बाहेर गळतो. माणसाने मीटर लावला तेव्हा सिग्नल उणे २९ डीबीएम होता (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर). अशा ओएनटीला साधारण उणे २७पर्यंत चालतं. फायबर मोकळी केल्यावर उणे १९ झाला. चूक माझीच होती, पण दोन दिवस थांबावं लागलं ते खुपलं. मी विचारलं, मोठ्या प्लॅनवाल्याचं काम आधी होतं का? तो म्हणाला, नाही, नंबर लागेल तसं. तीच काचेची तार, आणि तिचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा तोच स्प्लिटर. साध्या जीपॉन लाइनवर (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) २.४८८ जीबीपीएस डाउनलोड आणि त्याच्या निम्मं अपलोड असतं, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. २००वाला आणि १०००वाला दोघेही त्याच वाटपात बसलेले असतात.

मोठे व्हिडिओ रोज पाठवणाऱ्याला, किंवा घरात पाच-सहा जण एकाच वेळी जड कामं करत असतील तर त्यांना, गिगाबिट उपयोगी पडेल. त्यांनी घ्यावं, फक्त केबली तपासून घ्यावं. आमच्या घराला ते जास्त होतं. अपलोड मात्र डाउनलोडइतकाच हवा, त्यावर मी यापुढे तडजोड करणार नाही. काही प्लॅनमध्ये डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि अपलोड शोधावा लागतो. तो शोधून, लेखी विचारून मगच पैसे भरा.

परवा प्लॅन बदलायचा अर्ज केला, दोन्हीकडे ३००. वाचलेल्या पैशांतून भिंतीतली उरलेली दोन केबल बदलून घेणार आहे, आणि क्रिम्प केलेला प्रत्येक प्लग टेस्टरवर आठही दिवे लागलेले दाखवल्याशिवाय सही करणार नाही. मुलीने बदलाला होकार दिला आहे, तिच्या गेमची अपडेट्स रात्री आपोआप उतरतील अशी सोय करून देण्याच्या अटीवर. ते काम या रविवारी.