मराठी नावांच्या फाइलींवर स्क्रिप्ट कोसळते: नावं बदलावीत, कोडपेज बदलावं की शेलच बदलावा?

एक प्रयोग करून बघा. विंडोजबरोबर येणारा शेल, म्हणजे आज्ञा टाइप करून कामं करून घ्यायचा प्रोग्रॅम, पॉवरशेल ५.१ घ्या. नोटपॅडमध्ये एका ओळीची स्क्रिप्ट लिहा आणि तिच्यात एकेरी अवतरणात 'जुलै' नावाची फाइल शोधायला सांगा. स्क्रिप्ट चालते. फाइल समोर असूनही सापडत नाही म्हणते, पण चालते. आता 'जुलै'च्या जागी 'जून' लिहा. स्क्रिप्ट सुरूच होत नाही. अवतरणचिन्ह बंद केलेलं नाही अशी तक्रार येते, आणि बघावं तर चिन्ह जागच्या जागी आहे. बाराही महिने असे घालून पाहिले तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे आणि जुलै पार होतात, बाकीचे सहा अडतात.

यात योगायोग काहीच नाही. नोटपॅड आता यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची युनिकोडची पद्धत) सेव्ह करतं, तेही 'ही फाइल युनिकोड आहे' असं सांगणारी सुरुवातीची बीओएम खूण न घालता. पॉवरशेल ५.१ ला खूण दिसली नाही की तो फाइल जुन्या कोडपेजने, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याने, वाचतो. आपल्याकडच्या 'इंग्लिश (इंडिया)' सेटिंगमध्ये ते कोडपेज १२५२ असतं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं. त्यातला अनुस्वाराचा आणि दीर्घ ऊकाराचा तिसरा बाइट १२५२ मध्ये खालच्या एकेरी अवतरणासारखा वाचला जातो, 'ऑ'चा वरच्या अवतरणासारखा. पॉवरशेलला ही सगळी अवतरणचिन्हंच वाटतात, त्यामुळे 'जून' मधला ऊकार आला की नाव तिथेच संपलं असं तो धरतो. दुहेरी अवतरणात हेच काम सुटे 'ओ' आणि 'औ' करतात, त्यांच्या मात्रा नाही. म्हणून दुहेरी अवतरणातली 'औषधं' स्क्रिप्ट पाडतात आणि 'गोळ्या' पाडत नाहीत.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: 'मराठी नावं देऊच नका.' ते उत्तर मला मान्य नाही. नाव निर्दोष आहे, चूक ते वाचणाऱ्याची आहे. तेव्हा उपाय निवडण्याआधी कोण चुकतंय ते ओळखा. पडद्यावर काय दिसतं त्यावरून ते कळतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, एवढंच. माहिती शाबूत आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मधूनमधून येनचं चिन्ह दिसत असेल तर यूटीएफ-८ मजकूर १२५२ ने वाचला गेलाय. ग्रीक अल्फा आणि वर लाट असलेला 'एन' दिसत असेल तर ४३७ ने, म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या जुन्या कोडपेजने. या दोन्हीतही माहिती शाबूत आहे. पण प्रश्नचिन्हं दिसली तर हात थांबवा. तिथे अक्षरं खरोखर गेलेली आहेत, आणि शेलच्या भाषेत प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही अक्षर चालेल'. फाइलींची यादी काढून ती पुसणाऱ्या 'डेल' आज्ञेला देणारी बॅच फाइल असेल, तर पाच प्रश्नचिन्हांचं नाव त्या लांबीत बसणाऱ्या दुसऱ्याच फाइली उडवू शकतं.

आता चार वाटा.

नावं रोमनमध्ये बदलणं. ही सगळ्यात झटपट आणि माझ्या मते सगळ्यात महाग. काळे आणि काले, दोघांच्याही फाइलीचं नाव रोमनमध्ये एकच होतं. लिनक्सची 'एमव्ही' आज्ञा काही न विचारता दुसरी फाइल पहिलीवर लिहिते, आणि दोन कुटुंबांच्या कागदांपैकी एकाचे कागद गेले. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त हा फरक रोमनमधून परत आणता येत नाही. त्यातही नावं 'साफ' करणारी तयार स्क्रिप्ट वापरलीत तर आणखी एक धोका आहे. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत) 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह काना-मात्रांना अक्षर मानत नाही. 'मराठी'चं 'मरठ' होतं. तरीही कधी कधी ही वाट घ्यावी लागते: रोमनशिवाय नाव न स्वीकारणाऱ्या पोर्टलवर अपलोड करायचं असेल तर दुसरा इलाज नाही. मग मूळ फाइलींना हात न लावता प्रत काढा, प्रतीला क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणत्या नावाचा याची यादी शेजारी ठेवा.

कोडपेज बदलणं. याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे त्या खिडकीपुरती 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा देणं (६५००१ म्हणजे यूटीएफ-८). फुकट, लगेच, आणि खिडकी बंद केली की परिणाम संपला. विंडोज १० पासून पुढे हे बरं चालतं. विंडोज ७ वर मात्र 'मोर'सारखी साधी आज्ञाही यात मेमरी पुरत नाही म्हणून थांबायची. दुसरी पायरी म्हणजे रीजन सेटिंगच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधली टिक, जी सबंध मशीनला यूटीएफ-८ वर नेते. २०१८ पासून ती आहे आणि तिच्यावर 'बीटा' लिहिलेलं आहे. एका टिकने 'जून'चा घोळही मिटतो. शिवाय मराठीला विंडोजमध्ये जुन्या धर्तीचं कोडपेज नेमून दिलेलंच नाही, त्यामुळे जुन्या शेलला मराठी समजवायची ती एक सरळ वाट. पण त्याच मशीनवर युनिकोडपूर्व फॉन्टांवर चालणारं डीटीपी किंवा जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर असेल तर ही टिक लावू नका. ते सॉफ्टवेअर १२५२ गृहीत धरून बसलेलं असतं आणि त्याचाच मजकूर विस्कटतो. छापखान्यात किंवा वकिलाच्या ऑफिसात असं सॉफ्टवेअर सहज सापडतं, आधी विचारून घ्या.

कमांड प्रॉम्प्टमध्येच राहायचं असेल तर एक बारीक गोष्ट खूप वाचवते. 'फॉर /एफ' ने 'डीर' या आज्ञेने काढलेली फाइलींची यादी वाचू नका. ती यादी पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीकडे नेणारी वाट) जाते आणि तिथे अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. साधा 'फॉर' वापरा. तो नावं थेट फाइल सिस्टिमकडून घेतो आणि ती अभंग राहतात.

पॉवरशेल ७. विंडोजवरच्या कामासाठी माझं मत यालाच. बीओएम नसलेली फाइल तो यूटीएफ-८ म्हणूनच वाचतो, त्यामुळे बाराही महिने चालतात. ५.१ च्या शेजारी तो वेगळा बसतो, जुनं काहीच बिघडवत नाही. वरच्या टिकच्या तुलनेत हा मोठा फरक आहे. त्याच्याबरोबर विंडोज टर्मिनल घ्या, म्हणजे चौकोनही जातात. जोडाक्षरं मात्र तिथेही नेहमी नीट बसत नाहीत. ते फक्त दिसण्यापुरतं, त्यावरून फाइल बिघडली असं समजू नका. दोन ठिकाणी जपा. टास्क शेड्युलरमध्ये नुसतं 'पॉवरशेल' लिहिलं तर जुना ५.१ उघडतो, नव्याचं नाव 'पीडब्ल्यूएसएच' आहे. आणि बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचं आउटपुट पकडत असाल, तर ते अजूनही कन्सोलच्या, म्हणजे आज्ञांच्या खिडकीच्या, कोडपेजनेच वाचलं जातं. तिथे कन्सोलचं आउटपुट एन्कोडिंग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच यूटीएफ-८ करून घ्या.

लिनक्स किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय). इथे फाइलीचं नाव म्हणजे नुसती बाइटांची रांग. तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. त्यामुळे मराठी नावावर तिथला शेल बॅश सहसा अडखळत नाही. अडचण दुसरीकडे आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण ते १० चिन्हांचं, म्हणजे ३० बाइटांचं आहे. शासन निर्णयाचं सबंध शीर्षक फाइलीला दिलेलं असेल तर विंडोजवर ते आरामात मावतं, कारण तिथे मर्यादा २५५ चिन्हांची आहे. लिनक्सच्या डिस्कवर कॉपी करताना मात्र नाव फार लांब म्हणून नकार येतो. दुसरं म्हणजे क्रॉन, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी लिनक्सची सोय. टर्मिनलमध्ये चाललेली स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून बिघडली तर बहुतेकदा लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) यूटीएफ-८ राहिलेला नसतो. तो क्रॉनच्या क्रॉनटॅब या फाइलमध्येच लिहून द्या. फाइली हजारोंनी असतील आणि तुम्हाला बॅश येत असेल तर ही वाट घ्या. फक्त यासाठी नवीन शिकायला बसू नका, पॉवरशेल ७ पुरेसा आहे.

थोडक्यात निवड अशी होते: बॅच फाइल जुनी आहे, हात लावायचा नाही आणि मशीनवर युनिकोडपूर्व काही नाही, तर टिक. स्क्रिप्ट तुमची आहे, तर पॉवरशेल ७. सर्व्हरवर जायचं आहे, तर लिनक्स, पण आधी लांब नावं आखूड करा.

आणि एक गोष्ट, जी यातली कोणतीच वाट सोडवत नाही. 'वऱ्हाड' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या एकसंध 'ऱ'ने, साधा 'र' आणि वेगळा नुक्ता मिळून, किंवा 'र'चा पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. दिसायला तिन्ही सारखे, बाइट वेगळे. एकाच ठिकाणी तीन 'वऱ्हाड' फोल्डर शेजारी शेजारी बसू शकतात आणि स्क्रिप्ट एकातच बघून 'फाइल नाही' म्हणते. कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा सगळ्यांचं हेच. 'ॲ'चंही तसंच, तो सुटा मिळतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही होतो. युनिकोडचं एनएफसी रूप (सुट्या खुणा जोडून एकसंध अक्षर करणारं) लावलं तर पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. जॉइनरची तऱ्हा आणि 'ॲ' मात्र तसेच राहतात, ते स्क्रिप्टमध्ये शोधून हातानेच बदलावे लागतात. हे काम शेल बदलण्याच्या आधी करा, आणि करण्याआधी सगळ्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.