फायनान्शियल मॉडेलिंगचा तीन महिन्यांचा वर्ग: शिकवणी उत्तम, प्लेसमेंटचे आश्वासन फोल

एम.कॉम. प्रथम श्रेणीत, सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या तीन पातळ्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या दोन पातळ्या पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण आणि अनुभव म्हणाल तर एका करसल्लागाराच्या कार्यालयातील सात महिने, एवढ्या शिदोरीवर मी वर्षभर इक्विटी रिसर्चच्या, म्हणजे शेअर घेण्याजोगा आहे का हे ठरवण्यासाठी कंपन्यांचा अभ्यास करण्याच्या, नोकरीसाठी अर्ज करत होते. मुलाखतीपर्यंत पोहोचले तरी "स्वतः मॉडेल बांधलं आहे का?" या प्रश्नाशी गाडी अडायची. मॉडेल म्हणजे कंपनीच्या जुन्या आकड्यांवरून तिच्या पुढील कमाईचा अंदाज बांधणारी एक्सेल फाइल. तिसरी पातळी उत्तीर्ण झाले तरी चार्टरसाठी (सीएफए ही उपाधी मिळण्यासाठी) किमान 36 महिन्यांत 4,000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतोच, त्यामुळे नुसत्या परीक्षा देत राहून हा पेच सुटणार नाही, हे मला उशिरा उमगले. सीए करणाऱ्याला आर्टिकलशिपमुळे (सीएच्या हाताखालील सक्तीच्या उमेदवारीमुळे) असा अनुभव शिकता शिकताच मिळतो. आमच्यासारख्यांना तो बाहेर शोधावा लागतो. म्हणून पुण्यातील एका खाजगी संस्थेच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला 42 हजार रुपये भरून प्रवेश घेतला. संस्थेचे नाव येथे देत नाही, परंतु अनुभव मात्र सविस्तर लिहिते.

शिकवणी खरोखर चांगली होती. सरांनी तयार साचा न देता एका किरकोळ विक्री कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल हाती दिले आणि कोऱ्या एक्सेल शीटवर नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक एकमेकांना जोडायला लावले. तिसऱ्या रविवारी माझ्या ताळेबंदाच्या दोन बाजूंत 14 कोटींचा फरक येत होता. शेजारच्या मुलाने "इतर दायित्वे" या ओळीत फरकाचा आकडा घालून ताळेबंद जुळवला होता, तो सरांनी लगेच पुसायला लावला. मला ते एवढेच म्हणाले, "दुकानांचं भाडं कुठे गेलं ते शोधा." इंड एएस 116 हे भाडेकरारांविषयीचे भारतीय लेखामानक लागू झाल्यापासून, म्हणजे 1 एप्रिल 2019 पासून, बहुतेक दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांची रक्कम भाडेखर्चात न दिसता घसारा आणि व्याज यांत विभागली जाते, हे मला पाठ होते, लीजवरचे (भाडेकरारांवरचे) प्रश्न मी परीक्षेत सोडवलेही होते. तरीही लीजचे दायित्व ताळेबंदात कमी करताना त्याच्या मुद्दलाची परतफेड रोकड प्रवाहात दाखवायची राहून गेली होती. ती चूक सापडायला संपूर्ण दुपार गेली, परंतु त्या दुपारीच मला फीचे मोल कळले.

मूल्यांकनाचा भाग मात्र घाईत उरकला. डीसीएफ (भविष्यातील रोकड आजच्या किमतीत मोजून कंपनीचे मूल्य काढणे) दोन सत्रांत संपवले आणि बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो याचे माप) कुठून घ्यायचा, त्याचा कालावधी किती धरायचा, यावर पुरेशी चर्चाच झाली नाही.

खरी तक्रार प्लेसमेंटची आहे. प्रवेशाच्या वेळी "शंभर टक्के साहाय्य" असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात कोणालाही दिसतील अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवल्या जात आणि सर्वांना एकाच नमुन्याचा बायोडेटा दिला गेला. सराव मुलाखत एकच झाली, तीही दहा मिनिटांची. संशोधन अहवाल तयार करणाऱ्यांना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार एनआयएसएमची (सेबीने स्थापलेल्या प्रशिक्षण संस्थेची) रिसर्च अ‍ॅनालिस्ट परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, हेही आमच्या संस्थेने सांगितले नाही. नोकरीच्या आशेने कर्ज काढून आलेली मुले त्या वर्गात होती, म्हणून ही गोष्ट मला अधिक लागते.

वर्ग संपल्यावर मी त्याच मॉडेलमध्ये पुढील दोन तिमाहींचे निकाल भरले, कुठे अंदाज चुकला हे मोकळेपणाने लिहिले आणि नऊ पानांचे टिपण जोडून लहान ब्रोकिंग कंपन्यांना पाठवले. मुंबईतील एकीने बोलावले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्या पदव्यांविषयी काहीही न विचारता फाइल उघडली, दुकानांच्या विक्रीवाढीचा 11 टक्क्यांचा आकडा 7 केला आणि नफ्यावर काय परिणाम होतो ते समजावून सांगायला लावले. सध्या मी तेथे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर आहे. विद्यावेतन बेताचे असले तरी काम रिसर्चचेच आहे.

हिशेब येतो पण हाताने काही बांधलेले नाही, अशांनी असा वर्ग जरूर करावा. केवळ नोकरीच्या आश्वासनावर मात्र पैसे भरू नयेत. प्रवेशापूर्वी एक सत्र बसून पाहावे, जुन्या विद्यार्थ्याने बांधलेली फाइल मागावी आणि प्लेसमेंटच्या अटी लेखी घ्याव्यात.