कार्ड हवं की गल्लीतला दवाखाना?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला रक्तदाब आहे. तिच्यासाठी कागदावर दोन आधार: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड, नाहीतर चाळीजवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र.

कार्डाची ताकद मोठी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. बायपास, डायलिसिस, कॅन्सर अशा वेळी दागिने गहाण पडत नाहीत. २०१२मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७मध्ये फुल्यांचं नाव मिळालं. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. रोजच्या गोळीचे पैसे त्यातून सुटत नाहीत.

आणि तिची खरी गरज तर तीच गोळी! ती चुकत गेली की पक्षाघात, मग कार्ड. आरोग्य केंद्रात गोळी फुकट मिळते, पण ते उघडं असतं सकाळी, म्हणजे ती लोकांकडे भांडी घासत असते तेव्हा. रांगेत थांबलं की खाडा. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मालकिणीला ही अडचण नाही, औषध दारात येतं.

एकच निवडायचं तर मी दवाखाना निवडेन, फक्त संध्याकाळी सात ते दहा उघडा. कळव्याच्या रुग्णालयातली गर्दीही त्यानं थोडी हलकी होईल.