एडीएचडी थेरपीचे ९ महिने, अमळनेर-जळगाव अपडाऊन करून

मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरी झाली, आता तिसरीत जाईल. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, दम धरवत नाही. मागच्या सप्टेंबरपासून दर शनिवारी आम्ही अमळनेरहून रेल्वेने जळगावला थेरपीला जातोय. सुरुवातीला मी रात्र रात्र मोबाईलवर कुणा आईचा खरा अनुभव सापडतोय का ते बघत बसायचे, मराठीत धड काही मिळायचं नाही, म्हणून सगळं लिहितेय.

आधी पैसे कुठे वाया गेले ते सांगते. एका ठिकाणी मेंदू अ‍ॅक्टिव्हेट करायचा ३ महिन्यांचा कोर्स म्हणून १८ हजार एकदम भरून घेतले, डोळ्यावर पट्टी बांधून रंग ओळखायचे वगैरे, फरक शून्य. मुलाला नीट बघायच्या आधीच पॅकेजचा भाव सांगतात त्यांच्याकडे जाऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

नंतर जळगावला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी औषध दिलंच नाही, एक फॉर्म आम्हाला दिला आणि एक वर्गातल्या बाईंना, कारण लक्षणं घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसावी लागतात, कमीत कमी ६ महिने टिकलेली असावी लागतात, शिवाय ऐकू नीट येतं का, झोप कशी आहे, तेही विचारलं. सासूबाईंचं एकच चाललेलं, "पोऱ्या वांड शे, त्याले काय दवाखाना लागस!" आमचे हे पण लहानपणी असेच होते म्हणे, आणि डॉक्टर म्हणाले की हे बऱ्याचदा घराण्यातूनच येतं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, कारण इतकी वर्षं वाटायचं माझ्याच लाडाने बिघडलाय.

आता मेन गोष्ट. पहिली ५-६ सेशन थेरपीच्या मॅडमनी मुलापेक्षा आम्हालाच जास्त शिकवलं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, दप्तर आवर, हातपाय धू, डबा काढून ठेव, आणि तो पहिल्यालाच कुठेतरी हरवायचा, मग मार. मॅडम म्हणाल्या जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा, त्याच्याकडून परत म्हणवून घ्या, झालं की लगेच काय चांगलं केलं ते नेमकं बोलून दाखवा. वाचायला किती सोपं वाटतं ना, पण भाकरी तव्यावर टाकलेली असताना गॅस बारीक करून त्याच्याजवळ जायची सवय लागायला मला २ महिने लागले. यांना त्याहून जास्त.

बक्षिसाचा चार्ट आधी फसला. रोज स्टार द्यायचे आणि रविवारी आईस्क्रीम, तिसऱ्या आठवड्यात त्याने बघणंच सोडलं. मॅडमनी सांगितलं की अशा मुलांना रविवार फार लांबचा असतो, बक्षीस त्याच दिवशी हवं. मग बरणीत चिंचोके टाकायला लागलो, दात घासले १, दप्तर भरलं १, पाच झाले की त्याच संध्याकाळी यांच्यासोबत गाडीवर चक्कर. हे आजपण चालू आहे, फक्त कामं बदलत राहतो.

ऑक्युपेशनल थेरपी पण ४ महिने केली, झोका, बॅलन्स बोर्ड, चिमट्याने मणी उचलणं. त्याला जाम आवडायची, पेन्सिलची पकड सुधारली, पण लक्ष लागण्यात मला तरी त्याने फरक दिसला नाही, म्हणून एका सेशनचे ५०० बघून थांबवली.

औषधाला आमचा खूप विरोध होता. डिसेंबरमध्ये शाळेतून रोजच तक्रारी यायला लागल्या, तेव्हा मिथिलफेनिडेट ही लक्ष टिकायला मदत करणारी गोळी सुरू केली, सकाळी नाश्ता झाल्यावर. ६ वर्षांच्या आतल्या मुलांना आधी आईवडिलांचं ट्रेनिंगच सुचवतात, त्याच्या वयात दोन्ही सोबत चालतं असं डॉक्टरांनी समजावलं. पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या पूर्ण पान लिहिलं. पण दुपारचा डबा अर्धा परत येतो, वजन २ महिने वाढलंच नाही, म्हणून रात्री आठला त्याची भूक उघडली की बट्टीवर तूप सढळ हाताने टाकते. डॉक्टर प्रत्येक वेळी वजन, उंची, बीपी बघतात, आणि बघत नसतील तर तुम्ही सांगून बघायला लावा. दुसरं म्हणजे त्याच्या गोळीचा असर संध्याकाळपर्यंत उतरलेला असतो, होमवर्कच्या वेळी आपण शिकलेलंच कामाला येतं, त्यामुळे गोळी सुरू झाली म्हणून थेरपी सोडू नका.

अजूनही पाण्याच्या बाटल्या हरवतात, या वर्षी ४ झाल्या. वाट बघणं जमत नाही, मोठ्यांच्या बोलण्यात घुसतो, लग्नात पंगतीला बसवणं म्हणजे परीक्षा.

पण मागच्या वर्षी अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात तो अर्धा तास सापडत नव्हता, आकाशपाळण्याकडे पळालेला, माझा जीव जायची वेळ आली होती. यंदा निघायच्या आधी दारातच सांगितलं, हात सोडायचा असेल तर आधी विचारायचं, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं. रथाच्या गर्दीत त्याने तीनदा विचारलं, "आई, सोडू का हात?" तीनदा मी नाही म्हणाले, तीनदा थांबला. त्या रात्री बरणीत मूठभर चिंचोके टाकले.

जूनमध्ये शाळा उघडेल. तिसरीच्या नवीन बाईंना द्यायची चिठ्ठी लिहून ठेवलीय, पुढचा बेंच द्या, एका वेळी एकच सूचना द्या, आणि बसून बसून चुळबुळ करायला लागला की फळा पुसायला उठवा.