बिअर नाही, मग घरी लावायचं काय? आल्याची बिअर, कोंबुचा आणि नागली

भाचा बंगळुरूची नोकरी सोडून नाशिकला परतला, तो डोक्यात एक खूळ घेऊनच. "मावशी, मला घरी बिअर करायचीय. तुझ्या ओट्यावर." माझ्याच का, तर आमच्या इंदिरानगरच्या घरात वर्षभर काही ना काही आंबत असतं म्हणून. मुलगा चोवीस वर्षांचा आहे. महाराष्ट्रात एकविसाव्या वर्षानंतर बिअर पिता येते, तेवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. करता येते का, हे त्याने विचारलंच नव्हतं.

नाही येत. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. बिअर त्यातच मोडते. घरच्यापुरती केली, विकली नाही, म्हणून सूट मिळत नाही. मोबाइलवर जे व्हिडिओ बघून ही मुलं पेटतात ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेचे. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली, अमेरिकेने १९७८च्या कायद्याने मोकळीक दिली. त्यांचं बघून आपण पिंप आणायचं काही कारण नाही.

शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी आपली हवा आड येते. वीस लिटर बिअरला जवाचं चार-पाच किलो माल्ट लागतं, ते ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गाळायचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) घालून आणखी तासभर उकळायचं, मग झटपट गार करून यीस्ट घालायचं. इथवर कुणालाही जमेल. पण एल जातीच्या यीस्टला पुढे आठवडा-दोन आठवडे १८ ते २२ अंश लागतात, लागर जातीच्या यीस्टला त्याहून कितीतरी थंड. आंबताना पिंप स्वतःच दोन-चार अंशांनी तापतं ते वेगळंच. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारी सोडला तर असं तापमान घरात मिळत नाही, आणि त्या दोन महिन्यांतही रात्री पारा दहाच्या खाली जाऊन दुपारी पुन्हा वर येतो. गरम हवेत आंबलेल्या बिअरला नेलपॉलिशसारखा वास मारतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. एक फ्रिज फक्त त्यासाठी अडकवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जाण्यात अर्थ, आणि वाट तर बंदच आहे.

तेव्हा मी त्याला उलट विचारलं: बिअरमधलं तुला नक्की काय हवंय? फेस? आंबट-कोरडी चव? की धान्याचं ते पोळीसारखं, भाजक्या वासाचं काहीतरी? उत्तर जसं असेल तशी बरणी बदलते.

फेस हवा असेल तर आलं

जिंजर बिअर हे नाव फसवं आहे. तिच्यात धान्य नसतं. इंग्लंडात अठराव्या शतकापासून ती घरोघरी होत आली. 'जिंजर बिअर प्लांट' नावाचा जो पांढरा गोळा लोक एकमेकांना देत, त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात, हे हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली दाखवून दिलं. आपल्याला तो गोळा लागत नाही. बाजारातलं मातीचा वास असलेलं ताजं आलं पुरतं, कारण यीस्ट त्याच्या सालीवरच असतं. म्हणून आलं धुवा, पण सोलू नका.

काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं पाव लिटर पाणी, एक चमचा किसलेलं आलं, एक चमचा साखर. रोज आल्या-साखरेचा एकेक चमचा वाढवायचा आणि ढवळायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी बरणी कानाशी धरली तर आतून बारीक चुरचुर ऐकू येते. झालं विरजण तयार. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम आलं उकळा, ८० ग्रॅम साखर घाला, पूर्ण गार झाल्यावर एका लिंबाचा रस आणि पाव वाटी गाळलेलं विरजण घालून बाटल्या भरा.

इथे हिशेब नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथेच झाली. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या आकारमानाएवढा, म्हणजे लिटरभर वायू तयार होतो. बिअरच्या बाटलीत असा दोन-अडीच पट वायू असतो. तुम्ही घातलीत ८० ग्रॅम. यीस्टने ती सगळी खाल्ली तर वीस पट वायू! काचेची बाटली तो धरत नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी सरबताच्या जुन्या काचेच्या बाटल्या भरून माळ्यावर ठेवल्या आणि दोन दिवसांसाठी लग्नाला गेले. परत आले तर माळ्याखालच्या भिंतीवर चिकट ओघळ, काचा थेट देव्हाऱ्यापर्यंत, आणि मुंग्यांची रांग. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

तेव्हापासून सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरते. बाटली रोज दाबून बघायची. बोट रुतेनासं झालं की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे एका दिवसात होतं, जानेवारीत तीन-चार दिवस लागतात. दुसरी खूण फिनलंडच्या लोकांची: बाटलीत दोन मनुका टाकायच्या, वायू धरला की त्या वर तरंगतात. मनुकांना निफाड-पिंपळगावच्या माणसाने कशाला मागे सरावं!

त्याच हिशेबाची दुसरी बाजू दारूची आहे. वायू आणि अल्कोहोल एकाच साखरेतून, जवळजवळ सारख्याच वजनात निघतात. बंद बाटलीत दोन पट वायू तयार झाला, म्हणजे बाटली सोड्याएवढी टणक झाली, की आत अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलेलं असतं. खाद्यसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्य धरतात. सगळी साखर आंबू दिलीत तर ते पाच टक्क्यांपर्यंत जाईल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच पोचाल. म्हणून लवकर थांबायचं, गोडसर असतानाच प्यायचं. हे पेय फ्रिजमध्येही अगदी हळू का होईना आंबतच राहतं, तेव्हा आठवड्यात संपवा.

आंबटपणा हवा असेल तर कोंबुचा

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबट पेय. आळशी माणसाने हाच निवडावा. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे चहा, ७० ग्रॅम साखर, पूर्ण गार झाल्यावर आधीच्या घाण्यातला शंभर-दीडशे मिलिलिटर आंबट कोंबुचा आणि त्यावर धरलेली यीस्ट-जिवाणूंची जाड, गिळगिळीत चकती. आपली रोजची दाणेदार चहापावडर चालते, पण पाच मिनिटांत गाळा, नाहीतर तुरट होते. वर मलमलचं फडकं रबराने घट्ट बांधायचं. झाकण नाही, कारण यीस्टने केलेल्या अल्कोहोलचं ॲसिड करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. फडकं ढिलं राहिलं तर चिलटं आत गेलीच म्हणून समजा. द्राक्षांच्या दिवसांत तर विचारू नका.

पावसाळ्यात आठ-दहा दिवस, उन्हाळ्यात पाच-सहा, थंडीत दोन आठवड्यांहून जास्त. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) तपासायच्या पट्ट्या मिळतात त्या घ्याच. साडेतीनच्या खाली आला की निर्धास्त. चकतीवर कोरडे, केसाळ, हिरवे-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. नुसतं वरचं काढून भागत नाही, सगळं फेकायचं. भांडं काचेचंच. भांडीबाजारातल्या पितळी पातेल्यांचा मोह मला कळतो, पण आम्लात तांबं उतरतं.

चव? सफरचंदाच्या सिरक्यात सोडा घातल्यासारखी. बिअर पिणाऱ्याला पहिल्या घोटाला आवडत नाही, तिसऱ्या दिवशी तोच बरणी उघडतो. पोटाला बरं, रक्ताला बरं, असं जे सांगतात त्याचा पुरावा फार पातळ आहे. चव आवडली तर प्या. गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस यांना मी देत नाही.

धान्य हवं असेल तर नागली

भाच्याला खरं तर हे हवं होतं, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं. बिअर म्हणजे आधी माल्ट. आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, जे आपल्या आज्या बाळाच्या लापशीसाठी करत आल्या आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची नागली (बाकी महाराष्ट्र तिला नाचणी म्हणतो) मोड आल्यावर जवासारखंच काम करते: आतल्या पिठाची साखर करणारी विकरं (एन्झाइम्स) तिच्यात तयार होतात.

रात्रभर भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, दीड-दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात. फडकं मधूनमधून शिंपडून ओलं ठेवा. कुबट वास आला तर टाकून द्या, मोह नको. मग कडक उन्हात वाळवा, तळव्यावर चोळून मोड झाडून टाका आणि दळून आणा. भाजायचं नाही, विकरं तापली की मरतात. रंगासाठी आणि त्या बिस्किटी वासासाठी वेगळी मूठभर नागली तव्यावर काळपट भाजून ठेवा.

आता गंमत. अर्धा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम साध्या नागलीच्या पिठाची पेज शिजवा. इतकी घट्ट व्हायला हवी की डाव उभा राहील. गॅस बंद करून ७० अंशांपर्यंत उतरू द्या (थर्मामीटर लागतोच, अंदाजाने होत नाही), मग दीडशे ग्रॅम मोडाचं पीठ थोड्या कोमट पाण्यात कालवून त्यात ढवळा. दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग डाव हळूच कलंडतो. दहा मिनिटांत ती खळ चहासारखी सैल होते आणि बोट बुडवून चाटलं तर गोड लागते. साखरेचा एक कण न घालता! कारखान्यात मोठ्या टाक्यांत बिअरचं जे काम तासभर चालतं, ते हेच. पातेलं टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवा. मग भाजकी नागली आणि लिटरभर गरम पाणी घालून जरा बसू द्या, दुहेरी फडक्यातून न पिळता गाळा, दहा मिनिटं उकळा आणि गार करा. लिंबू, बेकरीच्या कोरड्या यीस्टची एक चिमूट, आणि खोलीच्या तापमानाला आठ-दहा तास. नंतर फ्रिज. दोन-तीन दिवसांत संपवायचं. हे आल्याइतकं टिकत नाही. रशियात राईच्या पावापासून क्वास करतात, त्याच्या जवळपास जाणारं हे पेय आहे, आणि अल्कोहोलचा वरचा हिशेब इथेही तसाच लागू.

कडवटपणा मात्र अडतो. हॉप्स वाण्याकडे मिळत नाहीत. हॉप्स रुळण्याआधी युरोपातही बिअरमध्ये रानातल्या वनस्पती घालत, म्हणून मी एकदा काडेचिराईत उकळून बघितला. अर्ध्या काडीने सगळा घाणा ओतून द्यायची वेळ आली. संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा, तोही उकळीच्या शेवटी, एवढंच मला जमलेलं आहे.

मग निवडायचं काय

पैशाने तिन्ही स्वस्त. आल्याला बाटल्या तुमच्या घरातल्याच, कोंबुच्याला चकती कुणाकडून तरी फुकट मिळते, नागलीला थर्मामीटरचा काय तो खर्च. फरक आहे तो लक्ष द्यायचा. आलं रोज दोन मिनिटं मागतं आणि त्यात चुकलात तर भिंत रंगते. कोंबुचा आठवड्यात एकदा पाहिला तरी रागावत नाही, गावाला गेलात तर फार तर सिरका होतो आणि तो कोशिंबिरीला चालतो. नागली एक अख्खा रविवार खाते, त्याआधी मोडाचे दोन-तीन दिवस वेगळे.

पहिल्यांदाच करणाऱ्याने मार्च ते मे आल्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. नोव्हेंबर-फेब्रुवारीत चुकायला वेळ मिळतो. उलट कोंबुच्याला उन्हाळा मानवतो. नागलीचे मोड थंडीत रेंगाळतात आणि पावसाळ्यात वाळवणाची बोंब. होळीच्या आसपासचं ऊन तिला उत्तम.

"नाशिकमध्ये राहून द्राक्षांचं का नाही?" हे प्रत्येक जण विचारतो. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, ते सगळं परवाने घेऊन. घरी रस आंबवलात तर ती वाइनच, आणि तिलाही तोच कायदा. द्राक्षावरची पांढरी भुकटी म्हणजे यीस्ट असंही सांगतात. ते मेण असतं.

आणि घरात कोण आहे ते बघा. माझ्या सासूबाई माळकरी. आल्याला त्या हात लावत नाहीत, कोंबुच्याकडे बघतही नाहीत, आणि मी त्यांना कधी 'यात काही नसतं' असं सांगितलेलं नाही, कारण थोडं असतं.

भाच्याने शेवटी नागली घेतली. पहिल्या रविवारी डाव कलंडला तेव्हा "मावशी, हे पातळ झालं!" म्हणून तो असा ओरडला की शेजारच्या काकू डोकावल्या. आता तो दर दोन आठवड्यांनी लावतो. उकळून गार झालेलं ते गोड, भाजक्या वासाचं पाणी यीस्ट घालायच्या आधी दोन पेले बाजूला निघतं. त्यातला एक सासूबाईंचा, वेलची घालून.