वधू-वर केंद्र, राजारामपुरी, कोल्हापूर : कागदपत्रं चोख, फॉर्म मात्र बदलाच

धाकट्या भावाचं नाव नोंदवलंय म्हणून लिहितेय. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मानलं यांना, पगार तोंडी सांगून चालत नाही, सॅलरी स्लिप, डिग्री, आधार सगळं ओरिजिनल बघतात आणि घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा निकाल मागतात. मॅडम पण बोलायला मोकळ्या, आईला घाई केली नाही.

पण फॉर्म! पोटजात, देवक, मामाचं कूळ, शेती किती एकर, पुण्यात फ्लॅट आहे का, रंग. पत्रिका जुळवताना दोघांची एक नाडी आली की ३६ पैकी ८ गुण गेलेच, आणि घरातलं काम करणार का याला रकानाच नाही. शाहू महाराजांनी १९१९ ला आंतरजातीय लग्नाचा कायदा केला त्या गावात "पोटजातीतच" असं आधीच छापून ठेवलेलं बघून लय वाईट वाटलं.

अपेक्षा लिहायला एकच ओळ, ती पण आईनं भरली, "गोरी, घरगुती". भावाला विचारलं तर म्हणतो, ताई मला नोकरी करणारीच पाहिजे, कॉलेजात जी आवडायची ती हसरी होती, गाडीवर रंकाळ्याला जायला भारी वाटायचं, पण आता घराचा हप्ता किती, आईबाबांच्या दवाखान्याला किती ठेवायचे हे माझ्याबरोबर बसून ठरवणारी पाहिजे. माझ्या मैत्रिणीचं पण तसंच, फिरताना दिसायला हिरो चालला, लग्नाला म्हणते जेवल्यावर स्वतःचं ताट उचलणारा बघा. मोठी माणसं याला पोरांचं दुटप्पी वागणं म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, सोबत फिरायचं आणि सोबत संसार करायचा यात माणसाकडून लागतं ते वेगळंच की. फक्त काही जणांचं मन बदललेलं नसतंच, जिच्यावर प्रेम आहे तिच्याशीच लग्न करायचं असतं आणि घरचे जातीवर अडून बसतात, मग पोरगं मुकाट्यानं "अनुरूप" लिहून मोकळं होतं. समोरच्या स्थळाला कसं कळणार ही अपेक्षा कुणाची, पोराची का काकाची?

म्हणून मॅडमना सांगून आलेय की दोन रकाने करा, एक मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या अपेक्षांचा आणि एक घरच्यांचा, आणि पहिला त्यांच्याच अक्षरात घ्या. बघू म्हणाल्या.

जाणार असाल तर रविवार टाळा, गर्दीत नीट बोलता येत नाही. पोराला किंवा पोरीला सोबत न्या आणि पेन त्यांच्या हातात द्या. फी परत मिळत नाही, ते आधी विचारून घ्या.